ओढवते तेवढे थांबवते का?



गळिताचा हंगाम तोंडावर आला की माधवनगर, बुधगाव, कवलापूर या भागात फिरताना एक प्रश्न हमखास कानावर येतो. "साहेब, घरी 45 हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर आहे. मागे एकच ट्रॉली चालवतो. दुसरी घेऊन जोडावी का?"

विचारणाऱ्याचे गणित अगदीच चुकीचे नसते. उसाच्या वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. ड्रायव्हर तोच, खेप तीच, डिझेल थोडे जास्त. दोन ट्रॉल्या एकदम नेल्या तर बँकेचा हप्ता लवकर फिटेल, असे घरात बसून वाटते. शेजाऱ्याने दोन जोडलेल्या असतात, त्याचा ट्रॅक्टरही बंद पडलेला नसतो. मग आपण का मागे राहायचे?

या गणितात एक आकडा राहून जातो. आपण विचारतो, "ट्रॅक्टर एवढे ओढेल का?" त्याच्या जोडीने विचारायला हवे, "ट्रॅक्टर एवढे थांबवेल का?" आज या दुसऱ्या प्रश्नाचा हिशेब मांडायचा आहे. त्याला बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि कारखान्याच्या काट्याची एक चिठ्ठी एवढे पुरते.

सुरुवात बैलांपासून करू, कारण ते गणित आपल्या अंगवळणी पडलेले आहे. खिलार बैलाचे वजन 400 किलो धरा, म्हणजे जोडी 800 किलोची. दिवसभर काम करायचे तर बैल आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका जोर सतत लावू शकतो. म्हणजे जोडीचा जोर 80 किलो. रबरी चाकांची गाडी सपाट डांबरी रस्त्यावर 100 किलो वजनाला सुमारे 3 किलो जोर मागते. दोन टनांच्या भरल्या गाडीला 60 किलो पुरतात, म्हणून ती जोडी गाडी सहज ओढते. पण उतार लागला की शहाणा गाडीवान काय करतो? गाडीवरून खाली उतरतो, बैलांच्या तोंडाशी जातो, त्यांना आवरून धरतो. बैलांना ओढण्याचे भय नसते, मागून मानेवर येणाऱ्या गाडीचे असते. हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. ट्रॅक्टर आला, आणि आपण ते विसरलो.

हॉर्सपॉवर म्हणजे जोर नव्हे

75 किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलले म्हणजे एक हॉर्सपॉवर. यात जोरही आहे आणि वेगही आहे. गिअर खाली टाकला की वेग कमी होतो आणि जोर वाढतो. म्हणून 45 हॉर्सपॉवरचे इंजिन हळूहळू का होईना, खूप मोठे ओझे हलवते. ट्रॅक्टर किती ओढेल याची खरी मर्यादा इंजिनात नसते. ती मागच्या दोन मोठ्या चाकांच्या जमिनीवरच्या पकडीत असते, आणि ती पकड चाकांवर किती वजन आहे यावर ठरते.

आता आकडे घेऊ. ट्रॅक्टरचे वजन ड्रायव्हरसह 2 टन धरा. त्यातले सुमारे 1,400 किलो मागच्या चाकांवर पडते. कोरड्या डांबरीवर 100 किलो वजनाला साधारण 60 किलो पकड मिळते. म्हणजे चाके न घसरता मिळणारा जोर 840 किलो. ट्रॉली रिकामी 2 टन आणि तिच्यात 8 टन ऊस, असे 10 टन. ट्रॅक्टर धरून एकूण 12 टन.

सपाट डांबरीवर 12 टनांना 100 ला 3 या हिशेबाने 360 किलो जोर लागतो. आपल्याजवळ 840 आहे. काम सोपे. आता 20 ला 1 चढ आला. चढ ओळखण्याची सोपी रीत अशी, की 20 पावले चालल्यावर एक पाऊलभर उंची चढली तर तो 20 ला 1. अशा चढावर दर 100 किलोला आणखी 5 किलो जोर लागतो, म्हणजे 12 टनांना 600 किलो. एकूण 960 झाले. आपल्याजवळ 840 आहे. चाके जागेवर फिरू लागतात, नाहीतर ट्रॅक्टरचे तोंड उचलते. पुलाची चढण किंवा कॅनॉलवरची मोरी चढताना मागून दुसरा ट्रॅक्टर लावावा लागतो, तो यामुळेच.

फडात गोष्ट आणखी वेगळी. फड चांगला वाळलेला असेल तर 100 किलोला 6 किलो जोर लागतो आणि पकड 45 किलो मिळते. 630 किलो जोरावर साडेदहा टन हलतात, म्हणजे ट्रॉलीत साडेसहा टन ऊस भरून बाहेर काढता येतो. फड ओला असेल तर 100 ला 10 किलो जोर लागतो आणि पकड 30 वर येते. तेव्हा 420 किलो जोरावर फार तर 4 टन हलतात. 2 टन ट्रॅक्टर आणि 2 टन रिकामी ट्रॉली यांतच ते संपले! मग ट्रॅक्टर रुततो, साखळ्या तुटतात, क्लच जळतो. म्हणून तोडणीच्या आधी 15 दिवस उसाचे पाणी तोडा असे आम्ही सांगतो. उतारा वाढतो हा एक फायदा, गाडी फडातून सुखाने बाहेर येते हा दुसरा.

हे सगळे आकडे सरासरीचे आहेत. टायर, हवा, माती यांप्रमाणे ते थोडे मागेपुढे होतील. पण गणिताची दिशा बदलत नाही.

आता थांबवण्याचा हिशेब

आपल्याकडच्या पुष्कळ ट्रॉल्यांना ब्रेक नसतात, किंवा असले तरी जोडलेले नसतात. तेव्हा सगळा भार थांबवण्याचे काम ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर पडते. तीच 1,400 किलोंची चाके, तीच 840 किलोंची पकड. ओझे मात्र 12 टनांचे.

नुसता ट्रॅक्टर ताशी 20 किलोमीटरने जात असेल तर ब्रेक दाबल्यावर साडेतीन मीटरांत थांबतो. समोर पोर आडवे आले, ते दिसले आणि पाय ब्रेकवर गेला, यात एक सेकंद जातो. त्या सेकंदात गाडी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे एकूण 9 मीटर.

मागे 10 टनांची ट्रॉली असली तर त्याच वेगाने सपाट रस्त्यावर थांबायला तो सेकंद धरून 21 ते 22 मीटर लागतात. ताशी 30 किलोमीटर वेग असेल तर सुमारे 44 मीटर. वेग दीडपट झाला आणि अंतर दुप्पट झाले.

आता 20 ला 1 उतार घ्या. ताशी 20 ने 37 मीटर, ताशी 30 ने जवळजवळ 80 मीटर. आणि उतार 10 ला 1 असेल तर? तिथे उताराचा ओढा आणि ब्रेकची पकड बरोबरीला येतात. चाके पूर्ण आवळली तरी गाडी थांबत नाही, घसरत पुढे जाते. ड्रायव्हर पट्टीचा असो वा नवशिका, फरक पडत नाही. तिथे ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते, ट्रॅक्टर आडवा होतो, आणि ट्रॉली त्याच्यावर चढते.

दुसरी ट्रॉली जोडली की काय होते ते पाहा. आणखी 10 टन, एकूण 22 टन. सपाट डांबरीवर ओढायला 660 किलो जोर लागतो. आपल्याजवळ 840 आहे. म्हणजे ट्रॅक्टर दोन्ही ट्रॉल्या ओढतो! शेजाऱ्याचा ट्रॅक्टर चालतो, तो असा. घात इथेच आहे. गाडी चालते म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण तीच गाडी 20 ला 1 उतारावर ताशी 20 वेगाने असताना थांबवायची म्हटली तर 90 मीटरांहून जास्त अंतर लागते. नव्वद मीटर म्हणजे जवळजवळ तीनशे फूट. तेवढ्यात शाळा सुटलेली असते, दुधाची मोटारसायकल वळलेली असते, टोळीतली माणसे रस्त्याकडेने चाललेली असतात.

परदेशात ट्रॅक्टरमागे ओढायच्या अवजारांच्या माहितीपुस्तकांत एक नियम छापलेला असतो. ओढायच्या गाडीला स्वतःचे ब्रेक नसतील तर तिचे भरलेले वजन ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीपेक्षा जास्त नसावे, आणि वेग ताशी 32 किलोमीटरच्या वर नसावा. 2 टनांच्या ट्रॅक्टरला ही मर्यादा 3 टन येते. आपण 10 टन जोडतो, आणि वर दुसरे 10 टन जोडावे का असे विचारतो.

पिकअपवाल्यांसाठी दोन शब्द

तासगावकडे द्राक्षवाल्यांच्या आणि भाजीवाल्यांच्या दारात आता पिकअप उभ्या दिसतात. पिकअपला मागे हूक लावून छोटी ट्रॉली जोडावी असा विचारही निघतो. हिशेब तोच आहे. अमेरिकेत आणि युरोपात पिकअपच्या किंवा मोटारीच्या मागे चाकांवरचे घर जोडून लोक सुट्टीला निघतात. तिथे गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, कंपनीने हिला किती ओढायला परवानगी दिली आहे? ब्रिटनमध्ये मोटारीमागच्या ट्रेलरला ब्रेक नसतील तर त्याचे भरलेले वजन 750 किलो किंवा ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या निम्मे, यांतले जे कमी असेल त्याच्या वर चालत नाही. हुकावर ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार यावा, असेही अमेरिकेत पाहतात. हुकावर भार कमी पडला तर ट्रेलर मागे शेपटासारखा हलतो. जास्त पडला तर गाडीची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही.

आणखी एक. पिकअपमध्ये भरलेला माल आणि मागे ओढलेला माल हे दोन वेगळे हिशेब नव्हेत. क्लच, ब्रेक आणि टायर एकच आहेत. हौद्यात क्रेट भरून वर ट्रॉलीही भरली तर दोन्हींचा भार त्याच चार चाकांना सोसावा लागतो. कंपनीच्या पुस्तकात ओढण्याचा आकडा दिलेला नसेल तर हूक लावून घेऊ नका.

जोडायचे कुठे, भरायचे कसे

ट्रॉलीचा दांडा ट्रॅक्टरच्या खालच्या हुकालाच जोडावा. हायड्रॉलिकच्या वरच्या लिंकला किंवा उंचावर साखळी बांधून ओझे ओढले तर जोर वर लागतो आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. रुतलेली गाडी काढताना असे अपघात होतात. हुकाची पिन नीट जाडीची असावी, आणि तिला खालून सुटू न देणारी क्लिप हवीच. खिळा किंवा तार घालून वेळ मारून नेऊ नये.

चार चाकी ट्रॉलीचा भार तिच्या चाकांवरच राहतो. दोन चाकी ट्रॉलीचा काही भार हुकावर येतो, म्हणून ती भरताना काळजी घ्यावी. मोळ्या मागेच जास्त रचल्या तर दांडा वर उचलतो, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात आणि पकड जाते. सगळ्या पुढे रचल्या तर ट्रॅक्टरचे तोंड उचलते. आसाच्या थोडा पुढे जास्त भार ठेवावा.

ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात. शेतात वळताना एकच दाबायचा असतो. रस्त्यावर येताना दोन्हींना जोडणारी पट्टी लावलीच पाहिजे. एकच पेडल दाबला गेला तर एकच चाक आवळते, आणि भरली गाडी तिथेच फिरते. हे काम अर्ध्या मिनिटाचे आहे.

चाकांत पाणी भरून किंवा लोखंडी वजने लावून पकड वाढवता येते, हे खरे. शेतात त्याचा उपयोगही होतो. पण पकड वाढली म्हणून ओझे वाढवायचे नसते. वाढलेल्या पकडीचा ताण शेवटी क्लचवर, गिअरवर आणि आसावर जातो.

मग दुसरी ट्रॉली घ्यावी का?

घ्या, पण पहिलीच्या मागे जोडू नका. एक ट्रॉली गाडीतळावर किंवा गव्हाणीकडे गेलेली असताना दुसरी फडात उभी करून भरून घ्या. ट्रॅक्टर परत आला की रिकामी सोडायची आणि भरलेली जोडायची. ट्रॉली भरेपर्यंत ट्रॅक्टर जो ताटकळत राहतो, तो वेळ वाचतो. दिवसात खेप वाढली तर टनही वाढतात, आणि ते थांबवता येतील अशा ओझ्याने वाढतात. सुटी ट्रॉली उभी करताना चारी चाकांना दगड लावा, आणि ती रस्त्यावर ठेवू नका.

ज्यांना दोन्ही एकदम न्यायच्याच आहेत त्यांनी आधी दोन्ही ट्रॉल्यांना ट्रॅक्टरच्या पेडलवरून चालणारे ब्रेक बसवावेत आणि वाटेतले चढ-उतार पावलांनी मोजून पाहावेत. ट्रॅक्टरच्या पुस्तकात आणि नोंदणीच्या कागदांत लिहिलेल्या वजनापलीकडे जाऊ नये. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ट्रॉलीही मोटार वाहनच आहे. तिची नोंदणी वेगळी, विमाही पाहून घ्यायला हवा. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये असा नियम आहे. शिवाय जादा माल उतरवून घेतात. एका खेपेला किती रुपये सुटतात ते यापुढे मांडून पाहा.

कापून ठेवण्यासाठी थोडक्यात:

1. कारखान्याच्या काट्यावर एकदा नुसता ट्रॅक्टर तोला, एकदा रिकामी ट्रॉली तोला. मग फक्त ट्रॅक्टरची मागची चाके काट्यावर घेऊन त्यांचे वजन लिहून घ्या.
2. मागच्या चाकांच्या वजनाला 60 ने गुणून 100 ने भागा. कोरड्या डांबरीवर तुमच्या ट्रॅक्टरचा ओढण्याचा आणि थांबवण्याचा जोर तेवढाच.
3. वाटेतल्या सर्वांत कठीण उताराचा हिशेब करा, सपाट रस्त्याचा नव्हे.
4. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. उतारावर गाडी न्यूट्रल करू नका, क्लच दाबून ठेवू नका.
5. भरल्या ट्रॉलीच्या वर किंवा दांड्यावर कोणालाही बसू देऊ नका. टोळीतल्या बायका-पोरांना तर नाहीच.
6. मागे लाल रिफ्लेक्टर आणि दिवा असल्याशिवाय रात्री गाडी काढू नका.

भगिनींनो, शेवटची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. ट्रॉली घेण्याची बोलणी घरातच होतात, आणि गहाण पडणारे दागिने तुमचे असतात. कर्ज किती, हप्ता किती, हे तुम्ही विचारताच. त्याच्या जोडीने एवढेही विचारा, "हिला ब्रेक आहेत का? आणि उतारावर थांबायला किती अंतर लागते?" घरच्या माणसाला उत्तर देता आले नाही तर काट्यावर जाऊन ते घेऊन यायला सांगा. काट्यावरची तीन वजने आणि वाटेतल्या उताराची मोजलेली पावले वहीत उतरली, की मगच सहीला बसा.